चिकलठाणा ते मुंबई : अंतराचा हिशेब आणि वेळेचा हिशेब

दोन विमानतळांमधले अंतर भूमितीने एकदाच ठरवून दिलेले असते. ते कापायला लागणारा वेळ मात्र वारा, तापमान, धावपट्टीची दिशा, आकाशातील गर्दी आणि विमान कंपनीने वेळापत्रकात राखून ठेवलेली सवड यांच्या बेरीज-वजाबाकीतून रोज नव्याने ठरतो. जालना जिल्ह्यातील प्रवाशाला हा फरक समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण त्याच्या दृष्टीने जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ, आणि तेथून मुंबईपर्यंतचा हवाई प्रवास इतका आखूड आहे की त्यात प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा उड्डाणाच्या मागचापुढचा वेळच अधिक भरतो. हा विमानतळ शहराच्या पूर्वेला जालना रस्त्यालगत असल्यामुळे जालन्याहून निघालेली गाडी बदनापूर, करमाड आणि शेंद्रा ओलांडून, शहरात न शिरताच, पन्नासएक किलोमीटरवर तेथे पोहोचते. सळईचे कारखानदार, बियाणे कंपन्यांचे अधिकारी, उपचारांसाठी मुंबई गाठणारे रुग्ण आणि शिक्षणासाठी परदेशी निघालेले विद्यार्थी असे जालन्याचे नाना प्रकारचे प्रवासी याच दाराने आकाशात शिरतात.

अंतर कसे मोजतात, हे आधी पाहणे सोयीचे ठरेल. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावरील सरळ रेषा नसून गोलावरील एक कंस असतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभाग छेदला असता जे मोठे वर्तुळ मिळते त्याचाच तो तुकडा असल्यामुळे त्याला बृहद्‌वृत्त अंतर म्हणतात, आणि पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला तर तो आपोआप याच मार्गावर येतो. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे, तर चिकलठाणा सुमारे १९ अंश ५२ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश २४ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशातील फरक ४७ मिनिटांचा. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आणि त्याचे अंश ३६०, म्हणून अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा भरतो आणि ४७ मिनिटांचे होतात सुमारे ८७ किलोमीटर. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींच्या जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १११ ऐवजी सुमारे १०५ किलोमीटरचा असतो, आणि २ अंश ३२ मिनिटांच्या फरकाचे होतात सुमारे २६५ किलोमीटर. उत्तरेकडे ८७ आणि पूर्वेकडे २६५ या दोन बाजूंवर शाळेत शिकवलेला काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत लावला की कर्ण येतो सुमारे २७९ किलोमीटर. लांबच्या अंतरांसाठी गोलीय त्रिकोणमितीची सूत्रे लागतात, पण एवढ्या जवळच्या गावांसाठी हा शाळकरी हिशेबही पुरेसा अचूक ठरतो. वैमानिक हेच अंतर सुमारे १५० सागरी मैल असे सांगतात. अक्षांशाच्या एका मिनिटाएवढे अंतर म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात.

२७९ किलोमीटरची ही रेषा महाराष्ट्राच्या नकाशावर आखून पाहिली की हा प्रदेश एरवी दिसत नाही अशा रीतीने दिसतो. सांताक्रूझ-विलेपार्ल्याहून निघून ती ठाण्याची खाडी ओलांडते, डोंबिवली-अंबरनाथच्या परिसरावरून मुरबाडकडे जाते आणि माळशेज घाट व हरिश्चंद्रगड यांच्या लगत सह्याद्री चढते. समुद्रसपाटीपासून १,४२४ मीटर उंचीचा हा गड रेषेपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर येतो. पुढे संगमनेर तिच्या उत्तरेला राहते, श्रीरामपूर जवळपास तिच्या खालीच येते, त्यानंतर गोदावरी ओलांडून ती मराठवाड्यात शिरते आणि गंगापूरच्या थोड्या उत्तरेकडून चिकलठाण्याला उतरते. कोकण, घाटमाथा, पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्टा आणि मराठवाडा हे चारही प्रदेश ती अर्ध्या तासात एकापाठोपाठ एक दाखवते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस स्वच्छ हवेत डाव्या-उजव्या खिडकीतून हिरवा घाट संपून काळी जमीन कुठे सुरू होते हे सहज ओळखू येते. जमिनीवरचे मार्ग मात्र घाट टाळत, वळसा घालत जातात. जालना-मुंबई रेल्वेमार्ग आधी वायव्येला मनमाडपर्यंत चढतो आणि मग नाशिक, इगतपुरी व कसारा घाटातून नैर्ऋत्येला उतरतो, त्यामुळे मुंबईपासून संभाजीनगर रेल्वेने ३७५ किलोमीटर आणि जालना सुमारे ४३५ किलोमीटर पडते. हवाई रेषेपेक्षा रेल्वेमार्ग सुमारे एक तृतीयांशाने लांब आहे, आणि यातला मोठा वाटा मनमाडच्या वळशाचा आहे.

विमान तरी या सरळ रेषेवरून जाते का? तंतोतंत कधीच नाही. विमानाला वाऱ्याच्या सामोरे उडावे आणि उतरावे लागते, कारण समोरून येणारा वारा पंखांवर अधिक उचल निर्माण करतो आणि त्यामुळे धावपट्टीवरील धाव कमी लागते. धावपट्टीवर रंगवलेला आकडा तिची चुंबकीय दिशा सांगतो. पूर्व म्हणजे ९० अंश, त्याला दहाने भागून ०९, आणि तीच पट्टी उलट बाजूने वापरली की पश्चिम म्हणजे २७० अंश, म्हणून २७. मुंबईची मुख्य धावपट्टी आणि चिकलठाण्याची एकमेव धावपट्टी या दोन्ही ०९-२७ अशाच, पूर्व-पश्चिम आहेत, आणि दोन शहरांना जोडणारी रेषाही ईशान्येकडे किंचित कललेली पूर्व-पश्चिमच आहे. उत्तर-दक्षिण पट्ट्या असत्या तर दोन्ही टोकांना वळणे घ्यावी लागली असती. तरीही एक अडचण उरते. मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून, वारा येतो आणि विमाने त्याच दिशेला उडतात. परिणामी संभाजीनगरला, म्हणजे पूर्वेला, जाणारे विमान आधी जुहूवरून समुद्रावर जाते, ठरवून दिलेली उंची गाठते आणि मग मोठे वळण घेऊन पूर्वेकडे तोंड फिरवते. या उलट्या धावेत काही मिनिटे आणि वीस-तीस किलोमीटर सहज खर्ची पडतात. परतीच्या प्रवासात चित्र पालटते, कारण पूर्वेकडून येणारे विमान घाटकोपरच्या बाजूने थेट २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे रोखता येते. पण तिथे रांगेचा प्रश्न उभा राहतो. उड्डाणानंतर आणि उतरण्याआधी कोणत्या बिंदूंवरून, किती उंचीवरून जायचे याचे मार्ग प्रत्येक विमानतळासाठी आधीच आखलेले असतात आणि हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परवानगीवाचून वैमानिक ते मोडू शकत नाही. म्हणून नकाशावरील अंतर २७९ किलोमीटर असले, तरी प्रत्यक्ष उडालेले अंतर नेहमीच त्याहून जास्त असते.

आता वेळेकडे वळता येईल. एअरबस ३२० जातीचे जेट विमान उंचावर स्थिरपणे उडताना ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, आणि या वेगाने २७९ किलोमीटर भागले तर उत्तर येते २१ मिनिटे. वेळापत्रक मात्र तासाभराच्या आसपासचा, कधी त्याहूनही थोडा जास्त, वेळ दाखवते. यात फसवणूक नाही. दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. वेळापत्रकातील वेळेला विमानवाहतुकीच्या धंद्यात ब्लॉक टाइम म्हणतात: उभ्या विमानाच्या चाकांपुढील अडकण काढून विमान जागेवरून हलते त्या क्षणापासून ते दुसऱ्या विमानतळावर थांबून पुन्हा अडकण लागेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणे, तिथे पुढच्या विमानांच्या मागे थांबणे हे सारे त्यात येते, आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणी एवढ्यातच पंधरा-वीस मिनिटे निघून जातात.

हवेत गेल्यावरही विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडते. सर्वसाधारण नियमाप्रमाणे १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या, वर वेग नेता येत नाही. समजा विमान २०,००० फुटांवर जाणार आहे. तेवढे चढायला त्याला सुमारे ८० किलोमीटर लागतात. उतरण्यासाठी वैमानिक दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल हा ढोबळ आडाखा वापरतात, त्यानुसार २०,००० फुटांवरून उतरायला ६० सागरी मैल, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर लागतात. चढण आणि उतरण मिळून १९० किलोमीटर झाले, आणि समपातळीवर उडायला उरले जेमतेम ९० किलोमीटर, म्हणजे सात-आठ मिनिटे. याच कारणामुळे या मार्गावर पंखे असलेले, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाचे एटीआर जातीचे विमान आणि जेट विमान यांच्या वेळांत पाच-दहा मिनिटांपेक्षा मोठा फरक पडत नाही, आणि इंधनाच्या दृष्टीने आखूड मार्गांवर एटीआरच परवडते. दोन विमानतळांमधील उड्डाणवेळेचा अंदाज काढण्यासाठी वापरला जाणारा एक सोपा हिशेबही यावरच उभा आहे: अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवायचा. त्यानुसार चिकलठाणा ते मुंबई ५१ मिनिटे येतात, आणि जमिनीवरची रांग मिळवली की वेळापत्रकाचा आकडा जुळतो.

युरोपात हाच हिशेब अधिक ठळकपणे दिसतो, कारण तिथे राजधान्याच एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत. लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा शार्ल द गोल यांच्यात सुमारे ३५० किलोमीटर अंतर आहे, म्हणजे चिकलठाणा-मुंबईपेक्षा फक्त सत्तरएक किलोमीटर जास्त. सूत्राने वेळ येते ५६ मिनिटे, पण वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून अधिक लिहिलेले असते, कारण दोन्ही टोकांना जगातील अत्यंत गर्दीचे विमानतळ आहेत. त्यातच लंडन आणि पॅरिसची घड्याळे तासाने वेगळी असल्यामुळे, सुटण्याची व पोहोचण्याची स्थानिक वेळ पाहणाऱ्या नवख्या प्रवाशाला जाताना प्रवास सव्वादोन तासांचा आणि येताना पाव तासाचा वाटतो. या गणिताचे टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर आहे. तेथील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये लोगनएअर कंपनीचे छोटे विमान जगातील सर्वांत आखूड नियमित प्रवासी उड्डाण करते; अंतर आहे सुमारे २.७ किलोमीटर आणि वेळापत्रकातील वेळ आहे अवघी दोन मिनिटे. तिथे चढणे, समपातळीवर उडणे आणि उतरणे असे वेगळे टप्पेच उरत नाहीत.

मराठवाड्याच्या विमानतळाला मुंबईला नसलेली एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे उंची आणि उन्हाळा यांची जोडी. मुंबईची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १२ मीटरवर आहे, तर चिकलठाण्याची ५८० मीटरहून अधिक उंचीवर. उंचावरची हवा विरळ असते आणि तापली की आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. विमानाला जाणवणाऱ्या या परिणामाला घनता-उंची म्हणतात, म्हणजे हवेची घनता पाहता विमान प्रमाण वातावरणात किती उंचीवर असल्यासारखे वागेल तो आकडा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की चिकलठाण्याची घनता-उंची ढोबळ हिशेबाने १,६०० मीटरच्या पुढे जाते. थोडक्यात, दुपारी बारा-एकच्या सुमारास तेथून उडणारे विमान कळसूबाईच्या माथ्यावरून उडावे तसे वागते. अशा वेळी धाव लांबते, आणि कधी वजनही मर्यादित ठेवावे लागते. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोईंग ७३७ विमान याच धावपट्टीवरून मुंबईकडे निघाले, उशिरा उचलले गेले आणि धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकले. पुढे विजेच्या तारांना लागून ते कोसळले आणि विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत विमान उचलण्याची चुकीची व उशिराची पद्धत आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक न रोखणे या दोन्ही बाबींवर बोट ठेवले गेले. या दुर्घटनेची आठवण मराठवाड्यात अजून ताजी आहे, आणि धावपट्टीच्या लांबीचा प्रश्न इथे निघतो तेव्हा तो केवळ मोठी विमाने उतरवण्याच्या हौसेचा नसतो. धावपट्टीची सध्याची लांबी सुमारे २,८०० मीटर आहे.

वेळापत्रकातील सवडीचे मुख्य कारण मात्र मुंबईतच आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि व्यवहारात सगळा भार एकीवरच पडतो. गर्दीच्या तासांत उतरू पाहणाऱ्या विमानांना हवेतच लंबवर्तुळाकार घिरट्या घालत थांबवले जाते. पावसाळ्यात दृश्यमानता घटली की या घिरट्या वाढतात. विमान वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत आले की ते वेळेवर धरतात, आणि वक्तशीरपणाचे आकडे चांगले दिसावेत म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी जादा मिनिटे आधीच घालून ठेवतात. गर्दी नसलेल्या दिवशी विमान दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचते ते यामुळे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले असून तेथे दोन समांतर धावपट्ट्यांची योजना आहे. चिकलठाण्यापासून तो सुमारे २६३ किलोमीटरवर, म्हणजे जुन्या विमानतळापेक्षा पंधराएक किलोमीटर जवळ आहे, आणि मोकळ्या आकाशाचा लाभ मिळाला तर अंतरापेक्षा त्याचाच फायदा मोठा ठरेल.

जालन्यातील प्रवाशाने मात्र विमानतळ ते विमानतळ हा हिशेब करून भागत नाही. त्याला घर ते काम असा हिशेब करावा लागतो. जालन्याहून चिकलठाण्यापर्यंत तास, तपासणीसाठी आणि सामान देण्यासाठी दीड तास आधी पोहोचण्याची खबरदारी, तासाभराचे उड्डाण, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि अंधेरीहून फोर्ट किंवा मंत्रालयापर्यंत तासभर: एकूण पाच तास होतात, आणि त्यात विमान हवेत असते ती चाळीसएक मिनिटे. याउलट ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत एक्सप्रेस जालना स्थानकातून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जवळपास सात तासांत नेते आणि थेट फोर्टात उतरवते. जून २०२५ मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने जालन्याहून मोटारीने मुंबईची हद्द पाच-सहा तासांत गाठता येते. म्हणजे दिवसाकाठी मोजक्याच असलेल्या विमानांपैकी एखादे सोयीच्या वेळी मिळाले तरच दोनएक तासांची बचत. आणि ती बचतही विमान थोडेसे रखडले तर संपते. या मार्गावर विमानसेवा निरर्थक आहे असे यावरून म्हणता येणार नाही, कारण तिचा खरा ग्राहक मुंबईत पुढचे विमान पकडणारा आहे. पण केवळ मुंबईला जाणाऱ्यासाठी जालना-मनमाड दुहेरी मार्ग आणि गाड्यांचा वेग यांवर खर्च झालेला रुपया अधिक फळ देईल, हे आकडेच सांगतात. फ्रान्सने हाच विचार कायद्यात आणला असून, अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येते अशा मार्गांवर देशांतर्गत विमानसेवेला तेथे मे २०२३ मध्ये मनाई करण्यात आली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नान्त आणि लियॉं येथे जाणारी उड्डाणे या मनाईखाली आली.

दिल्लीच्या बाबतीत हे पारडे पूर्ण उलटते. चिकलठाणा ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ९८० किलोमीटर, वेळापत्रकातील वेळ दोन तासांच्या आसपास. घरापासून दिल्लीतील कामाच्या ठिकाणापर्यंत धरले तरी सहा तास. सचखंड एक्सप्रेसने जालन्याहून दिल्ली गाठायला जवळपास पूर्ण दिवस जातो. चढण्या-उतरण्याचा ठरलेला अर्धा तास आणि विमानतळावरील ठरलेले दोन-अडीच तास जेवढ्या लांब अंतरावर वाटले जातात तेवढे ते हलके होतात, आणि विमानाचा खरा लाभ पाचशे-सातशे किलोमीटरच्या पुढे सुरू होतो. हैदराबाद, हवाई अंतराने सुमारे ४३० किलोमीटर, या सीमारेषेच्या थोडे अलीकडे येते. तेथे जाणाऱ्या प्रवाशाचा निर्णय त्या दिवशीच्या गाडीच्या आणि विमानाच्या वेळेवर ठरतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी वाऱ्याचाही हिशेब लागतो. मुंबई-संभाजीनगर मार्गावर ३० नॉटचा समोरचा वारा जेमतेम मिनिट-दीड मिनिटाचा फरक पाडतो, पण सुमारे ७,२०० किलोमीटरच्या मुंबई-लंडन मार्गावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोतवारे जाताना विमानाला रोखतात आणि येताना ढकलतात, त्यामुळे जाण्यापेक्षा परतीचा प्रवास जवळपास तासाभराने कमी भरतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर भारतीय कंपन्यांची युरोपकडे जाणारी विमाने अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना त्याची झळ अधिक बसली आणि वेळापत्रके नव्याने छापावी लागली. लंडन किंवा फ्रँकफर्टला निघालेल्या जालन्याच्या विद्यार्थ्याने म्हणूनच तिकीट काढताना मुंबईतील दोन विमानांमध्ये किमान तीन तासांची फट ठेवावी, कारण मुंबईपर्यंतच्या २७९ किलोमीटरमध्ये घिरट्या घालण्यात गेलेली चाळीस मिनिटे पुढच्या ७,२०० किलोमीटरचे विमान चुकवू शकतात, आणि दोन तिकिटे स्वतंत्र काढलेली असतील तर त्याचा भुर्दंड प्रवाशालाच सोसावा लागतो.